पंचनाम्यात मुलांचे वजनही लिहा

सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टीने मराठवाड्यातील सोयाबीन आणि कापूस पाण्याखाली गेला, तेव्हा गावाकडच्या प्रत्येक फोनवर आणि वाहिन्यांवरील प्रत्येक चर्चेत एकच प्रश्न होता: हेक्टरी किती मिळणार? प्रश्न रास्तच आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येऊन बाधित क्षेत्र आणि पडलेल्या भिंती मोजतात. निकषांप्रमाणे दगावलेल्या दुभत्या गाईम्हशीला 37,500 आणि कोंबडीला 100 रुपये धरले जातात. त्याच घरातील दीड वर्षाच्या मुलाचे वजन पुढच्या चार महिन्यांत किती घटले, हे मात्र त्या कागदावर कुठेही येत नाही, आणि माझ्या मते सर्वांत भरून न निघणारे नुकसान तेच आहे.

पीक गेले की डाळ पातळ होते आणि घरचे दूध डेअरीला जाऊ लागते. विहिरीत पुराचे पाणी शिरले की पोरांना हगवण लागते आणि हगवणीत खाल्लेले अंगी लागत नाही. आई रोजंदारीला गेलेली असते आणि तान्ह्याला सांभाळणारी बहीण स्वतःच आठ वर्षांची असते. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे क्वचितच पूर्ण भरून येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 36 टक्के मुले 2015-16 मध्ये कमी वजनाची होती आणि 2019-21 मध्येही जवळपास तितकीच राहिली.

मी राहतो त्या कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोच्या परिसरात द्राक्षे आणि बदाम मेक्सिकन मजूर काढतात, आणि त्यांच्या मुलांचे सगळे ठीक चालले आहे असे मी म्हणणार नाही. 2014 च्या दुष्काळात जवळच्या ईस्ट पोर्टरव्हिलमध्ये घरोघरच्या विहिरी आटल्या. काही वस्त्यांच्या पाण्यात खतांमधून उतरलेले नायट्रेट आहे, जे बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्यांच्या जिवावर बेतू शकते. पण डब्ल्यूआयसी नावाच्या सरकारी पोषण योजनेची एक गोष्ट आपण घ्यावी असे मला मनापासून वाटते. तिथे मुलाचे वजन, उंची आणि रक्तातील लोह तपासतात, आणि कुटुंब कामासाठी दुसऱ्या राज्यात गेले तर पात्रतेचा दाखला सोबत जातो. मुदत संपेपर्यंत नव्या गावी पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागत नाही.

आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास बीडमधून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, निघतात. लेकरू थंडीत फडाजवळच्या कोपीत निजते, दिवसा उसाच्या बांधावर बसते, आणि ज्या काट्याच्या झोळीत त्याला दर महिन्याला बसवत, तो गावच्या अंगणवाडीत टांगलेला राहतो. स्थलांतरितांची नोंद ठेवण्याची व्यवस्था राज्याने उभी केली आहे. फडावर पोचलेल्या मुलाचे वजन आणि आहार तिच्या आधारे खरोखर चालू राहतो का, हे विधानसभेत विचारले जायला हवे.

33 टक्के पीकनुकसान झाले की मदत लागू होते. त्याच निकषावर त्या गावातील पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे पंधरा दिवसांत वजन व्हावे आणि पुढे सहा महिने अंडी व वाढीव आहार मिळावा. याला आधार आहे: 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागांत उन्हाळी सुटीतही शालेय आहार द्यायला सांगितले होते. फक्त हे काम अंगणवाडी सेविकांवर फुकट लादू नये. त्यासाठीचे वेगळे मानधन मदतीच्या त्याच शासन निर्णयात लिहिलेले असावे.