टपावरचा जॅक

गाडीच्या टपावर जॅक बसवायला मला दोन रविवार आणि एक किरकोळ रजा लागली. रजेच्या अर्जात मी 'घरगुती अडचण' लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं.

पंक्चरवाल्याकडं असतो तो जॅक नव्हे. याला फार्म जॅक म्हणतात. चार फुटी, भोकंभोकं पाडलेली लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चढणारं एक बेणं, ज्याला हातपंपासारखा लांब दांडा. दांडा मारला की दोन पिना आळीपाळीनं भोकांत शिरतात आणि ओझं एकेक भोक वर सरकतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १९०५ पासून हा प्रकार बनतोय. माझा त्याचाच देशी मावसभाऊ. वजन १३ किलोच्या आसपास. कुरिअरवाल्या पोरानं तो जिन्यात टेकवला आणि घाम पुसत विचारलं, "साहेब, ह्यात काय हाय?"

"जॅक."

त्यानं दारातल्या माझ्या फोर बाय फोरकडं बघितलं. "ती उचलाय व्हय? मग ह्यो उचलाय काय मागवणार?"

डिकीत ठेवला तर डिकीत दुसरं काही मावेना. मागच्या सीटवर आडवा ठेवला, तर आई म्हणाली, त्याला पट्टा लाव. म्हणाली चेष्टेनं, पण बरोबरच होतं. एवढं सुटं लोखंड गाडीत ठेवून करकचून ब्रेक मारला, तर ते ड्रायव्हरच्या मानेचा पत्ता विचारत पुढं येतं. राहिला टप. टपावर ओझं चढवलं की गाडी वळणाला झुलते हे मलाही ठाऊक होतं. पण टपावर जॅक मिरवणारी गाडी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबली की शेजारचा बुलेटवाला मान वर करून बघतो. हे सुख कुठल्या सूत्रात बसवायचं?

पहिला रविवार नट-बोल्टांनी खाल्ला. लक्ष्मीपुरीतून नवे नट आणले होते. बोल्ट मात्र अण्णांच्या श्रीखंडाच्या डब्यातले घेतले. अण्णांनी इंजिनच्या कारखान्यात हयात घालवली आणि त्या डब्यात त्यांची निम्मी पेन्शन आहे असं आम्ही समजतो. नट चार आटे लाडात फिरला आणि पाचव्याला रुसला. मी सतराच्या पान्यानं त्याची समजूत काढायला गेलो. मग तो पुढंही जाईना, मागंही येईना. अण्णा पेपर बाजूला ठेवून आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बोल्ट तीन सुती. नट दहा मिलिमीटर."

"मग? अर्ध्या मिलिमीटरचा तर फरक."

"अर्ध्या मिलिमीटरवर सोयरिकी मोडतात," असं म्हणून ते पुन्हा पेपराकडं वळले. तो बोल्ट शेवटी करवतीनं कापावा लागला.

दुसऱ्या रविवारी शिडी लावून टपावर चढलो. आमच्या पेठेत कुणी शिडी घेऊन रस्त्यावर आला की तालमीच्या कट्ट्यावरची मंडळी आपोआप जमतात. फुटबॉलची मॅच असो नाहीतर माझा जॅक, प्रत्येकजण प्रशिक्षक. "आडवा नगं, उभा लाव." "सुतळीनं आवळ, सुतळीला तोड न्हाई." "डिश हाय काय रं ही? च्यानेल कुठली लागत्यात?" मी एका हातानं तेरा किलो धरून दुसऱ्या हातानं वायसर शोधत होतो. वायसर टपावरून घरंगळला आणि गटारात गेला. खाली टाळ्या पडल्या. जॅकनं टपाचा एक टवका काढला तेव्हा मात्र सगळे हळहळले; पेठेतली माणसं मनानं चांगली.

शेवटी रजा टाकून उद्यमनगर गाठलं. ज्या उद्यमनगरानं ऑइल इंजिनं घडवली, त्याला माझे दोन क्लँप म्हणजे काय? मिस्त्रींनी कॅरियर बघितलं, वितीनं माप घेतलं, दोन पट्ट्या कापल्या, वाकवल्या, वेल्डिंग मारलं, जुन्या ट्यूबचे तुकडे मधे घालून जॅक आवळला, वर चेक नट. चाळीस मिनिटं. मग हात पुसत म्हणाले, "मालक, ह्यो लावणार कुठं?"

"लावला की आत्ता. टपावर."

"त्ये झालं. गाडी उचलताना कुठं लावणार?"

मी रुबाबात बंपर दाखवला. मिस्त्रींनी बोटाच्या पेरानं त्याच्यावर टकटक केली. डालड्याच्या रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"ह्ये पलास्टिक. ह्येला जॅक लावला तर बंपर ईल वर, गाडी ऱ्हाईल खालीच." थोडं थांबून त्यांनी मायेनं विचारलं, "लोखंडी करून देऊ काय?" माझ्या डोळ्यांसमोर आधी आरटीओ आला, मग बायको. मी पैसे देऊन निघालो.

गगनबावड्याच्या रस्त्याला कळे ओलांडलं आणि गाडी साठावर गेली, तशी टपावर बासरी सुरू झाली. पट्टीच्या भोकांतून वारा शिरत होता आणि दांडा ठेका धरत होता. "अहो, हे बंद करा," बायको म्हणाली. मी रेडिओ बंद केला. आवाज वाढला. पुढं पावसानं गाठलं आणि पिनांवर तांब चढला, म्हणून तिनंच ताडपत्रीची गवसणी शिवून दिली. तंबोऱ्याला असते तशी. शिवताना एक शब्द बोलली नाही, हे मला जास्त लागलं.

दिवाळीत कागलकडं सासुरवाडीला गेलो. मामांनी गाडीला एक फेरी मारली आणि वर बोट दाखवलं. "जावईबापू, ह्येनं कुंपणाचा खांब उपटंल काय?"

चेक नट सोडवायला पाऊण तास गेला. मामांनी खांबाला साखळी आवळली, जॅक शेजारी फळीवर उभा केला आणि दांडा मारायला घेतला. गुंठाभर माती धरून बसलेला खांब मुळा निघावा तसा वर आला. दुपारपर्यंत अकरा खांब. उतरवताना दांडा उसळतो, त्याच्या वाटेत तोंड ठेवू नका, हे मी सांगायच्या आधी मामांनीच मला बाजूला सारलं. फार्म जॅक शेतावर पोचला होता. मी फक्त त्याचा टेम्पो होतो. संध्याकाळी भावकीतली दोन माणसं नंबर लावून गेली, आणि 'राहू दे की इथंच चार दिवस' या वाक्यावर जावयाला काही बोलता येत नाही.

परवा तालमीपुढं गाडी लावली. एकानं टपावरच्या रिकाम्या क्लँपकडं बघत विचारलं, "दादा, ते काढलं व्हय?"

"सासऱ्यांच्यात दिलाय. शेताला."

तो बराच वेळ क्लँप बघत राहिला. "मग तिथं फावडं झ्याक बसतंय बघ."

"केवढ्या दांड्याचं?" मी विचारलं.