पेगी गुगेनहाइमनं नुसता पैसा ओतला, हे खरं नाही

कलेच्या गटांमधून अमेरिकन कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अब्जाधीश घराण्यातली मुलगी, करायला काही नाही म्हणून चित्रं घेऊ लागली, निवड सगळी मित्रांची आणि प्रियकरांची, युद्धात अडलेल्या चित्रकारांकडून तिनं मातीमोल भावानं माल उचलला आणि त्यावर गडगंज झाली. न्यूयॉर्कचं गुगेनहाइम म्युझियमही तिचंच, असं शेवटी ठोकून दिलेलं असतं. वाचणारे माना डोलावतात आणि पुढे पाठवतात. मला हे गप्प बसून वाचवत नाही.

शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. न्यूयॉर्कचं ते गोलाकार म्युझियम तिचे काका सॉलोमन यांच्या संग्रहातून उभं राहिलं. फ्रँक लॉइड राइटची ती इमारत १९५९ साली खुली झाली. काका-पुतणीचं कलेच्या बाबतीत कसं होतं, ते एका प्रसंगावरून कळतं. लंडनमध्ये गॅलरी काढल्यावर पेगीनं काकांना अमूर्त चित्रकार कांदिन्स्कीचं एक चित्र विकत देऊ केलं. उत्तर आलं ते काकांच्या कला-सल्लागार हिला रिबे यांचं, आणि त्यात गुगेनहाइम हे नाव धंद्याला लावल्याबद्दल तिची खरडपट्टी होती.

आता दौलत. वडील बेंजामिन घराण्याच्या खाणधंद्यातून केव्हाच बाहेर पडले होते. १९१२ साली ते टायटॅनिकबरोबर गेले, तेव्हा त्यांचे व्यवहार विस्कटलेले होते. एकविसाव्या वर्षी पेगीच्या वाट्याला साडेचार लाख डॉलर आले. रक्कम मोठीच होती, ती गरीब होती असं मी म्हणणार नाही. पण चुलत भावंडांच्या मानानं ती घराण्यातली कमी पैशाची लेक होती. याच पैशातून तिनं लेखिका ज्यूना बार्न्स यांना वर्षानुवर्षं दरमहा पैसे पाठवले. फिरत्या मजकुरात हे नसतं.

निवड दुसऱ्यांची होती, हा आरोप मात्र थांबून बघण्यासारखा आहे, कारण तो निम्मा खरा आहे. अमूर्त चित्र (ओळखीच्या वस्तूंशिवाय नुसते रंग-आकार) आणि अतिवास्तववादी चित्र (स्वप्नातल्यासारखं) यांतला फरक आपल्याला कलाकार मार्सेल द्युशाँनं शिकवला, हे ती स्वतःच सांगायची. खरेदीसाठी कलासमीक्षक हर्बर्ट रीडनं तिला यादी करून दिली होती. पण त्या काळचे मान्यवर जाणकार काय करत होते? १९३८ मध्ये तिच्या लंडनच्या गॅलरीसाठी ब्रांकुसी, आर्प, काल्डर वगैरेंची शिल्पं आली, तेव्हा ती कला आहे की नुसता लाकूड-दगड, असा कस्टमला प्रश्न पडला. निवाडा लंडनच्या टेट गॅलरी या मोठ्या कलासंग्रहालयाच्या संचालकांचा, मॅन्सन यांचा. त्यांनी सांगितलं, ही कला नव्हे. प्रकरण ब्रिटिश संसदेत गेलं, तेव्हा कुठे शिल्पं सुटली.

अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकचं उदाहरण घ्या. १९४३ च्या वसंतात तिच्या न्यूयॉर्कच्या गॅलरीत प्रदर्शनासाठी चित्रं निवडायची होती. पोलॉकचं चित्र पेगीला अजिबात आवडलं नव्हतं. डच चित्रकार माँद्रियान त्या चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला. ती म्हणाली, भयंकर आहे ना? तो म्हणाला, अमेरिकेत मी पाहिलेलं हे सगळ्यात लक्षवेधी काम असावं. तिनं मत बदललं. नुसतं बदललं नाही. त्याच वर्षी पोलॉकशी दरमहा १५० डॉलरचा करार केला, आपल्या घरासाठी भलंमोठं भित्तिचित्र काढायला दिलं आणि नोव्हेंबरमध्ये त्याचं पहिलं एकल प्रदर्शन भरवलं. तोवर तो तिच्याच काकांच्या म्युझियममध्ये (तेव्हा ते जुन्या जागेत होतं) किरकोळ कामं करत होता. ऐकावं कुणाचं, हे कळणं हीसुद्धा नजर असते. आपल्याला चूक वाटलेल्या गोष्टीवर दुसऱ्या दिवशी पैसे लावायला तर ती लागतेच.

युद्धात लुटलं, हा आरोप सगळ्यात कडू आहे. रोज एक चित्र घ्यायचं असं ठरवून ती पॅरिसमध्ये हिंडत होती, हे खरं. भाव उतरले होते, हेही खरं. आणि ब्रांकुसीशी पैशावरून तिचं चांगलंच वाजलं होतं. ती घासाघीस करायची, यात शंका नाही. पण १९४० च्या वसंतात, जर्मन फौजा पुढे सरकत असताना, चित्रकार लेजे आणि शिल्पकार ब्रांकुसी यांच्याकडून खरेदी करायला दुसरं कोण रांगेत होतं? पॅरिस पडायला आलं तेव्हा चित्रं सुरक्षित ठेवायला तिथल्या लूव्र म्युझियमकडे जागा मागितली, तर ही चित्रं वाचवण्याच्या लायकीची नाहीत असं उत्तर मिळालं. कांदिन्स्की, क्ले, ब्राक, माँद्रियान त्यात होते. शेवटी फ्रान्समधल्याच ग्रेनोब्ल शहराच्या म्युझियममध्ये आसरा मिळाला, आणि तिथून सगळा संग्रह घरगुती सामान म्हणून अमेरिकेला गेला. चादरी, स्वयंपाकाची भांडी, आणि त्यांच्यामध्ये क्युबिझमचा, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडणाऱ्या चित्रशैलीचा, अर्धा इतिहास. ती स्वतः ज्यू. आधी निघून जायला तिला पैसा होता, तरी १९४१ च्या जुलैपर्यंत ती फ्रान्स-पोर्तुगालमध्येच होती, आणि अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेताँच्या कुटुंबाच्या प्रवासाचा खर्च तिनं उचलला.

पोलॉकशी केलेला करार चित्रकाराच्या बाजूनं उदार नव्हता, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी ली क्रास्नर यांच्यावर पेगीनं केलेला दावाही मला पटत नाही. मुलगी पेगीन हिच्या बाबतीत ती कशी आई होती, यावर तर बोलणंच अवघड. हे दोष मांडावेत, जरूर मांडावेत.

पण गडगंज? पोलॉकचं ते भित्तिचित्र तिनं अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाला देऊन टाकलं. १९४३ च्या जानेवारीत ३१ स्त्री-कलाकारांचं प्रदर्शन भरवलं, त्यातून तिची तिजोरी भरण्याची शक्यता नव्हती. १९४९ पासून ती व्हेनिसमध्ये कालव्याकाठच्या एकमजली, अर्धवट राहिलेल्या वाड्यात राहिली, आणि १९५१ पासून तिनं तो लोकांना खुला केला. लोक तिच्या निजायच्या खोलीतही शिरायचे, काल्डरनं चांदीत घडवलेलं पलंगाचं शीर पाहायला. १९७९ साली ती वारली, त्याआधीच वाडा आणि संग्रह दोन्ही तिनं काकांच्या प्रतिष्ठानच्या हवाली केले होते, एका अटीवर: सगळं व्हेनिसमध्येच राहायला हवं.