सिंगल हँड, डॉक्टरची गाडी

जुनी चारचाकी घ्यायची असेल तर मुहूर्त दिवाळीनंतरचाच धरा. सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, कापसाची पहिली वेचणी घरात पडलेली असते आणि उधारीवर बी-खत देणाऱ्या कृषी केंद्रवाल्याला अजून कुणकुण लागलेली नसते. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण तो कागदावर. बाजार समितीत व्यापाऱ्याचा माणूस मूठभर दाणे मशीनमध्ये टाकतो, ओलावा बारा टक्क्यांच्या वर दिसला की भाव पाडतो, काडीकचऱ्याचे वेगळे कापतो आणि तुम्ही निमूट पट्टी खिशात घालता. गाडी घ्यायला जाताना ही सगळी आठवण घरी ठेवून जा. तिथे मशीन लावायचा अधिकार तुमचा असतो, म्हणूनच लावायचं नाही. चांगल्या घरच्या माणसाला ते शोभत नाही.

गाडी कशाला पाहिजे, असं विचारणारा माणूस सोबत नेऊ नका. वावरात जायला पांदण आहे आणि जून ते ऑक्टोबर त्या पांदणीत बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो. बाजाराला जायला काळीपिवळी आहे, दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याची बोलेरो आहे. गाडी लागते ती पोराच्या सोयरिकीसाठी. पाहुणे आले आणि दारात पांढरी गाडी दिसली, की सातबाऱ्याचा विषय चहानंतर निघतो, असा सर्वत्र समज आहे. मुलीच्या मामाला गाडी दिसतच नाही, त्याला नोकरी दिसते, हे बोलून दाखवायची ही वेळ नव्हे.

आता घ्यायची कुठून? पहिला रस्ता मोबाइलचा. यात मेहनत कमी. टाकीजवळ किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, जिथे नेटवर्कच्या दोन दांड्या येतात तिथे बसा आणि फोटो सरकवत राहा. फोटोत गाडी नेहमी उजव्या बाजूने उभी असते. डाव्या बाजूला काय झालं हे विचारणं उद्धटपणाचं आहे. किंमत बाजारापेक्षा लाखाने कमी असेल तर विकणारा फौजी असतो. त्याची नुकतीच बदली झालेली असते. गणवेशातला फोटो येतो, ओळखपत्र येतं, कँटीनचं कार्ड येतं. तो स्वतः भेटू शकत नाही, पण गाडी सैन्याच्या ट्रान्सपोर्टने थेट तुमच्या अंगणात उतरणार असते. आधी फक्त भाड्याचे पैसे. मग विम्याचे. मग 'परत मिळणारे' आणखी थोडे. शंका आली तर गिळा, सीमेवरच्या माणसाला हिशेब विचारतात का? पैसे परत घेण्यासाठी त्याने क्यूआर कोड पाठवला तर तोही स्कॅन करा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, असं बँका घसा कोरडा करून सांगतात. पण बँकेचं आपण पीककर्जात तरी कुठे ऐकतो? सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे आणि ताबडतोब फोन केला तर गेलेली रक्कम मधेच गोठवली जाऊ शकते. म्हणून आधी दोन दिवस साळ्याशी, मेव्हण्याशी, सरपंचाशी चर्चा करा. तोवर पैशाला निवांत पोहोचू द्या.

ज्यांना इतकं सोपं नको असतं त्यांच्यासाठी दिल्ली पासिंग आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मनाई कायम ठेवली, आणि तिकडच्या गाड्यांना अचानक आपल्या मातीची ओढ लागली. दहा वर्षांची डिझेल स्कॉर्पिओ तिकडे ओझं ठरली, इकडे ती पंचायत समितीचं तिकीट असते. स्वस्तात मिळते, हे खरंच. मग तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आणायचं, इथला टॅक्स पुन्हा भरायचा, इथलं पासिंग करायचं, असला रटाळ भाग येतो. तो टाळा. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे राहिली तर नवी नोंदणी करावी लागते, असं मोटार वाहन कायदा म्हणतो. बारा महिने म्हणजे एक खरीप आणि एक रबी. तेवढ्यात काय काय होऊन जातं! शिवाय चौकात एमएच सत्तावीस नि एकोणतीसच्या गर्दीत डीएल उभी राहिली, की पानठेल्यावरची माणसं बोलता बोलता थांबतात. त्याचा टॅक्स कोणी लावला आहे का?

मोठ्या कंपन्यांच्या अ‍ॅपवरही गाड्या असतात. दोनशे मुद्द्यांची तपासणी, वॉरंटी, ठरलेला भाव, नाही आवडली तर काही दिवसांत परत. पिनकोड टाकला की 'सध्या आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही' असं येतं, म्हणजे मग नागपूर गाठा. तिथे एसी हॉलमध्ये टाय लावलेलं पोट्टं तुम्हाला 'सर' म्हणतं, थंड पाणी देतं आणि एक रुपया कमी करत नाही. 'शेवटचं सांगा' म्हटलं तर 'सर, हेच शेवटचं आहे' असं पहिल्याच वाक्यात सांगतं. याला आपल्याकडे खरेदी म्हणत नाहीत. आपल्यासोबत आलेले चार लोक मग कशाला आले? अशी गाडी घरी आणली तरी लाभत नाही.

म्हणून खरा रस्ता ऑटो डीलचा. तालुक्याच्या बायपासवर, जिनिंगच्या थोडं पुढे, पत्र्याच्या शेडखाली दहा-पंधरा गाड्या धुऊन, टायरला काळं पॉलिश मारून उभ्या असतात. जाताना माणसं नीट निवडून न्या. एक जाणकार, एक भाव पाडणारा, एक भाऊजी आणि एक 'गाडी घ्यायचीच नाई' असं ठरवून आलेला काका. यातला चौथा सगळ्यात आधी पाघळतो.

'या भाऊ, बसा. हे पाहा, डॉक्टरसाहेबाची गाडी हाये. सिंगल हँड, एकाच मालकाची. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर.'

विश्वास ठेवा. तालुक्यात जितक्या डॉक्टरच्या गाड्या विकायला असतात, तितके डॉक्टर असते तर ग्रामीण रुग्णालयातल्या रिकाम्या जागा केव्हाच भरल्या असत्या. मीटर बेचाळीस हजार किलोमीटर दाखवतं. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड चमकतं, स्टेअरिंग हातांनी चोळून आरशासारखं गुळगुळीत झालेलं असतं, ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसलेली असते. समजून घ्या, डॉक्टरसाहेब अंगाने जड होते.

आता जाणकाराला पुढे करा. तो बोनेट उघडायला लावतो, आत वाकतो, 'हं' म्हणतो, झाकतो. मग टायरला लाथ मारतो. इथे तपासणी संपते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, हे त्याला सांगून त्याचा अपमान करू नका. ३२१७ लिहिलं असेल तर ते रबर २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यातलं आहे आणि तेच तुम्ही मे महिन्याच्या दुपारी समृद्धीच्या सिमेंटवर एकशेवीसने पळवणार आहात. बोनेट उघडायच्या आधी त्यावर हात ठेवून पाहू नका. ते गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी इंजिन तापवून ठेवलं आहे, कारण थंड इंजिन पहिल्या स्टार्टला खोकतं, धूर टाकतं आणि नको ते बोलून जातं. दाराचं रबर ओढायच्या भानगडीत पडू नका. त्याखाली वेल्डिंगची टिंबं असतात, कंपनीची सारख्या अंतरावर आणि गॅरेजवाल्याची त्याला जमतील तशी. सीटबेल्ट तर शेवटपर्यंत बाहेर काढूच नका. आतल्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला गाळ निघाला तर गाडी कोणत्या पुरात बसून होती, हा भूगोल उगाच उघडायचा.

मालकाच्या टेबलामागे भिंतीवर शेगावच्या गजानन महाराजांचा फोटो असतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि विकायला घेतलेल्या गाडीची ऑनलाइन नोंद करावी लागते. ते अधिकारपत्र त्या भिंतीवर शोधू नका. महाराजांवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

भाव सुरू होतो सव्वाचार लाखांवर. तुमचा भाव पाडणारा 'तीन' म्हणतो. मालक हसत नाही, दुखावतो. 'भाऊ, तीनमंदी तं मले पडली नाई.' चहा येतो. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजतो. 'हाव साहेब, हाव. पार्टी बसून हाये अजून. नाई जमलं तं तुम्हालेच देतो, दुसऱ्याले देत नाई.' हा फोन रोज येतो, प्रत्येक पार्टी बसलेली असताना येतो, आणि पलीकडचा साहेब आजवर कोणी पाहिलेला नाही. तुम्ही मात्र दचका. दुसरा चहा येतो. काका म्हणतात, 'घेऊन टाक बापू, डॉक्टरची हाये.' तीन पासष्टवर हात मिळतो, इसार म्हणून अकरा हजार टेबलावर पडतात, त्याची पावती कोणी मागत नाही आणि साठ हजार पाडल्याच्या आनंदात सगळे मिळून तर्री पोहे खायला जातात. बिल अर्थात तुमचं. नागपूरच्या त्या टायवाल्याकडे अशीच गाडी साडेतीनला होती, असं कोणी पोहे खाताना म्हणालंच, तर त्याला विचारा: तिथे साठ हजार कोणी कमी केले होते?

पैसे कमी पडतात. पडायलाच हवेत. फायनान्सवालं पोट्टं शेडमध्येच खुर्ची टाकून बसलेलं असतं. 'नऊ टक्के फ्लॅट, काका.' नऊ ऐकून बरं वाटतं, सोसायटीचं कर्ज आठवतं. तीन लाख, चार वर्षं, व्याज एक लाख आठ हजार, हप्ता साडेआठ हजार. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत राहता आणि व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण तीन लाखांवरच चालू राहतं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या हिशेबात हाच दर सोळा टक्क्यांच्या घरात जातो. कॅल्क्युलेटर काढू नका. पोट्टं गावातलंच असतं, त्याला टार्गेट असतं. आणि दर महिन्याला साडेआठ हजार येतात कुठून, हे तर तुम्हाला विचारायची कोणाची हिंमत नाही, कापूस वर्षातून किती महिने विकला जातो हे सगळ्यांना माहीत असूनही.

राहिले कागद. कागदाकडे पाहणारा माणूस हलका समजला जातो. मालक ड्रॉवरमधून टीटी फॉर्म काढतो, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०. त्यावर डॉक्टरसाहेबांच्या सह्या आधीच झालेल्या असतात, तारीख कोरी असते, घेणाऱ्याचं नाव कोरं असतं. 'नाव होऊन जाईन ना भाऊ. मी काय कुठी पळून चाल्लो?' तो खरंच कुठे जात नाही. नावही कुठे जात नाही. कायद्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलायला अर्ज करायचा, असं आहे. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा मागायला गेल्यावर कंपनी विचारते, तुम्ही कोण? पण आरटीओ जिल्ह्याला, एक दिवस मोडतो, एजंट पैसे मागतो. त्यापेक्षा सह्या केलेले फॉर्म डॅशबोर्डच्या खणात ठेवा, वर लिंबू-मिरची बांधा, झालं. विकताना पुढच्याला तसेच द्यायचे. आपल्या भागात असे फॉर्म तीन-तीन मालक पाहतात आणि आरसीवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा माणूस चौथाच असतो.

सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ मध्ये असंच एक प्रकरण आलं. गाडी एकाने विकली, पुढे ती आणखी हात बदलत गेली, अपघात झाला, एक जीव गेला. न्यायालयाने पाहिलं नोंदणीवर नाव कोणाचं आहे, आणि भरपाई त्या पहिल्या विकणाऱ्यावर टाकली. हे वाचून तुम्हाला हायसं वाटायला हरकत नाही, कारण इथे तुम्ही घेणारे आहात. तुम्ही मागच्या वर्षी विकलेली ती जुनी ओम्नी आठवायचं आज काही कारण नाही. तिचे टीटी फॉर्मही असेच सह्या करून दिले होते, तारीख कोरी ठेवून, आणि ती आता कोणत्या लग्नाच्या वऱ्हाडात किती माणसं कोंबून पळते आहे ते तुम्हाला माहीत नाही.

मग तीन वर्षांनी, पेरणीच्या तोंडावर, बियाण्याला पैसे कमी पडतात आणि गाडी विकायला निघते. घेणारा नेमका शहाणा निघतो. तो आरसी पाहतो, तुमचं नाव शोधतो, सापडत नाही. आता बदल ऑनलाइन होतो आणि ओटीपी जातो आरसीवरच्या माणसाच्या मोबाइलवर. ऑटो डीलवाला म्हणतो, 'नंबर देतो ना, बोला तुम्हीच.' फोन लावा. डॉक्टरसाहेब भेटतात. ते डॉक्टर नसतात, पेट्रोल पंप चालवत होते, आता पुण्याला पोराकडे राहतात. आवाज गोड असतो.

'ओटीपी देऊ ना भाऊ, नाई कायले म्हणू? पण तीन वर्षाचे तुमचे चलान माह्या मोबाइलवर येऊन रायले. सीटबेल्टचे हायेत, स्पीडचे हायेत, एक तं समृद्धीवरचा हाये. ते भरा आधी. अन् ओटीपीचे वरून पंधरा हजार.'

'शेवटचं सांगा' म्हणा. सवय तर आहेच तुम्हाला.