मुझिकांचे नेपथ्य आणि आपला दिवाणखाना

मराठी नाटकाचे नेपथ्य दिवाणखान्याबाहेर का पडत नाही, हा आपल्याकडचा जुना वाद प्रागमध्ये बसून वाचताना मला चेक चित्रकार आणि नेपथ्यकार फ्रान्तिशेक मुझिका (१९००–१९७४) आठवतात. १९३२ साली येथील मानेस कलासंस्थेत भरलेल्या ‘पोएझिए’ प्रदर्शनात दाली, एर्न्स्ट आणि मिरो यांच्या कलाकृतींसोबत ज्यांची अतिवास्तववादी (सर्रिअॅलिस्ट, म्हणजे स्वप्नासारख्या प्रतिमांच्या) वळणाची चित्रे लागली, तेच मुझिका प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहासाठी नेपथ्यही करत होते. १६ मार्च १९३८ रोजी तेथे चेक संगीतकार मार्टिनू यांच्या ‘ज्युलिएट्टा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा जेथे कोणालाच काही आठवत नाही असे गाव रंगमंचावर उभे करण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि दिग्दर्शक होन्झ्ल स्वतःच चेक अतिवास्तववादी गटातले होते.

आपले नेपथ्यकार कल्पनेत कमी पडतात, असा निष्कर्ष यावरून काढणे मला अन्यायाचे वाटते. ज्या नेपथ्याला आज शिवाजी मंदिरात आणि उद्या बालगंधर्वमध्ये, तेही काही तासांत, उभे राहायचे असते आणि प्रयोग संपताच गाडीत चढायचे असते, त्याचा आकार गाडीच ठरवते. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात मात्र ठरलेला रंगमंच आहे आणि पदरी कसबी माणसे आहेत. चित्रकार आपल्या रंगभूमीलाही परका नव्हता. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत असत.

तरीही सरकारी आश्रयाचे गोडवे गाणाऱ्या आपल्या मंडळींनी पुढचा भागही पाहावा. १९४८ मध्ये येथे कम्युनिस्ट सत्ता आल्यानंतर समाजवादी वास्तववाद, म्हणजे पक्षाच्या विचाराला धरून केलेले वास्तवदर्शी चित्रण, हीच अधिकृत कला ठरली आणि मुझिकांच्या चित्रांना जाहीर जागा उरली नाही. त्यांनी अध्यापन केले, अक्षरकलेच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिला (तो आजही अक्षरकारांच्या हाती दिसतो), आणि साठच्या दशकात ज्या चित्रमालिकेकडे वळले तिला नाव दिले ‘एल्सिनोर’, म्हणजे हॅम्लेटचा किल्ला. नेपथ्य चित्रकाराचा वेळ खाते, असे म्हणणाऱ्यांनी या नावाचा विचार करावा.

म्हणून मी अनुदान मागेन ते निर्मितीच्या विषयाला किंवा शैलीला नव्हे, तर सुविधांना. नाट्यगृहांच्या नूतनीकरणाची चर्चा खुर्च्या आणि वातानुकूलन यांपुढे फारशी जात नाही. सामान आत नेण्याचा रुंद दरवाजा, नेपथ्य ठेवण्याचे गोदाम आणि सुतार-रंगाऱ्यांसाठी कर्मशाळा यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात आधी धरला जावा.