गिलियन वेल्च ‘नकली’ आहे म्हणे!

अमेरिकन लोकसंगीत गायिका गिलियन वेल्च हिच्या ‘रिव्हायव्हल’वरची, म्हणजे १९९६ सालच्या तिच्या पहिल्याच अल्बमवरची, एक पोस्ट सध्या जो तो पुढे ढकलतोय. म्हणणं असं की बाई लॉस एंजेलिसच्या, आईवडील टीव्हीवाले आणि गाणी मात्र डोंगरातल्या गरिबांची. अनाथपणाचं ढोंग, वर निर्मात्याने घडवलेला आवाज, म्हणजे सगळा मालच बनावट. मी सोडून दिलं असतं. पण माझ्या भाचीने ते वाचलं आणि मिठागरातल्या बायकांवर लिहिलेलं स्वतःचं गाणं बासनात गुंडाळलं. ‘मावशी, मी फ्लॅटमध्ये वाढलेली, मला काय अधिकार?’

आधी सगळ्यात संतापजनक मुद्दा घेते. त्या अल्बममधल्या ‘ऑर्फन गर्ल’ (अनाथ मुलगी) या गाण्यात आईबाप, भावंडं कुणीच नसलेली मुलगी बोलते. त्यावर पोस्टवाला दात काढतो की हिचे आईवडील तर टीव्हीच्या कार्यक्रमांसाठी गाणी लिहायचे! अरे बाबा, ती दत्तक आहे. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मली आणि केन व मिट्झी वेल्च यांनी तिला दत्तक घेतलं. ‘न्यूयॉर्कर’मध्ये अ‍ॅलेक विल्किन्सनने २००४ साली तिच्यावर दीर्घ लेख लिहिला, तो तरी वाचायचा. दत्तक मुलीला ‘तू कसली अनाथ’ म्हणून हिणवायचं आणि त्याला समीक्षा म्हणायचं? जन्मदाती कदाचित नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात वाढली असावी, असंही त्या लेखात आहे. पण ती पळवाट मला नको. रक्तावरून गाणं खरं-खोटं ठरणार असेल, तर शान्ता शेळक्यांची कोळीगीतंही बाद करा. त्या कुठे होत्या कोळी?

निर्मात्याने घडवली म्हणे. टी बोन बर्नेट अल्बमचा निर्माता होता, एल्व्हिस प्रेस्लीचा गिटारवादक जेम्स बर्टन अल्बमवर वाजवतो, सगळं कबूल. पण हेच ‘ऑर्फन गर्ल’ गायिका एमिलू हॅरिसने १९९५ च्या तिच्या ‘रेकिंग बॉल’ अल्बममध्ये गायलं होतं, ‘रिव्हायव्हल’ बाजारात यायच्या आधी. आणि गिटारवादक डेव्हिड रॉलिंग्जबरोबरची वेल्चची जोडी बॉस्टनला बर्कली संगीत महाविद्यालयात शिकताना जमलेली. बर्नेटचा तिथे काय संबंध?

बरं, एक गोष्ट मान्य करते. ते जुन्या वळणाचे फुलाफुलांचे झगे, तो सगळा थाट ठरवून केलेला होता आणि मलाही तो जरा जास्तच वाटतो. ती डोंगरात वाढली नाही, हेही खरं. पण मग झगे बघत बसण्यापेक्षा याच अल्बममधलं ‘वन मोअर डॉलर’ ऐका. घर सोडून फळं तोडायला आलेला मजूर. थंडीने फांद्या गोठल्यात आणि मुकादम दारातूनच सांगतो, काम नाही. या जागी वेल्च आवाज जराही चढवत नाही, रडवेपणा आणत नाही, सरळ पुढच्या ओळीवर जाते. हे झग्यातून येत नाही.

‘रिव्हायव्हल’ला ग्रॅमीचं नामांकन होतं, समकालीन लोकसंगीताच्या गटात. बक्षीस गेलं ब्रूस स्प्रिंग्स्टीनच्या ‘द घोस्ट ऑफ टॉम जोड’ला. माणूस न्यू जर्सीचा, तोवर कोट्यधीश झालेला आणि गाणी कॅलिफोर्नियात पोट भरायला आलेल्या स्थलांतरितांची. पोस्टवाल्याच्या नकली लोकांच्या यादीत त्याचं नाव मी दोनदा शोधलं. नाही.