संमती शेडमालकाची, पक्षी कंपनीचे

पोल्ट्रीवरच्या एका लेखात वासाचं आणि माश्यांचं खापर सरसकट शेतकऱ्यावर फोडलंय, ते पटलं नाही. आधी १ लाखाच्या आत पक्षी असलेल्या फार्मना प्रदूषण मंडळाच्या संमतीतून सूट होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये त्यावर बोट ठेवलं, तेव्हा कुठे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नियम बदलले आणि १ जानेवारी २०२३ पासून ५ हजारांवर पक्षी असले की प्रदूषण मंडळाची संमती लागू झाली. शिवाय नवा फार्म वस्तीपासून ५०० मीटर, विहीर-नदीपासून १०० मीटर लांब हवा. चांगलंच आहे.

पण करार पद्धतीत पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेतकऱ्याकडे राहतं काय? शेड, वीजबिल, मेलेले पक्षी आणि पक्ष्यांखाली अंथरलेलं ओलं तूस! आमच्या शेजारच्या शेडमध्ये निपलमधून (पक्ष्यांच्या पाणी प्यायच्या तोटीतून) पाणी गळायचं, तूस भिजायचं, पावसाळ्यात अमोनियाने डोळे चुरचुरायचे. जेवताना ताटावर एक हात कायम माश्या हाकलायला. तक्रार केली तर शेजारधर्म तुटतो, म्हणून आम्हीही गप्प. (कोंबडखत मात्र त्याच्याकडूनच घेतो, हेही खरं.)

संमतीच्या अर्जावर कंपनीचीही सही घ्या, मेलेले पक्षी पुरायच्या खड्ड्याचा खर्च तिच्याकडून वसूल करा. वाढवलेल्या पक्ष्यांच्या किलोमागे कंपनीकडून मिळणाऱ्या ठरलेल्या पैशांत शेतकरी हे कुठून करणार?