लंडनला आईबाबा आलेत? मग एक दिवस वॉटफर्डच्या कालव्यासाठी ठेवा

उन्हाळा आला की इथल्या आपल्या सगळ्या ग्रुप्समधे एकच प्रश्न सुरू होतो, आईबाबा येतायत, काय काय दाखवू? आणि उत्तरंही ठरलेली, लंडन आय, बिग बेन, मादाम तुसाँ, फार तर विंडसर. मला मनापासून वाटतं की या यादीत लंडनजवळच्या वॉटफर्डचा कॅशिओबरी पार्क, व्हिपेंडेल वूड आणि ग्रँड युनियन कालवा असा गोल चक्कर मारायचा रस्ता आलाच पाहिजे, आणि तोही वेळ उरला तर म्हणून नाही, अगदी पहिल्या पाचात.

हॅरोकडून मेट्रोपॉलिटन लाइनने थेट वॉटफर्ड, स्टेशनवरून दहा-पंधरा मिनिटांत पार्क. पार्क ओलांडून गेड नदीचा छोटा पूल, मग आयर्न ब्रिज लॉक (लॉक म्हणजे बोटी वर-खाली नेणारा दरवाजांचा हौद), तिथून गोल्फ कोर्समधून जाणारी पायवाट (चेंडूकडे लक्ष ठेवा!) आणि थोडासा चढ चढलात की जंगल. जंगलातून ग्रोव्ह मिल लेनला उतरायचं आणि कालव्याकाठून परत. सगळं मिळून साधारण सात-आठ किलोमीटर, बसत-उठत, डबा खात तीन तास धरा.

आता आपल्यातले ट्रेकवाले म्हणतील, हा काय ट्रेक झाला? हरिश्चंद्रगड, राजगड केलेल्या माणसाला हे सपाट वाटणारच, पण मला हा हिशोबच पटत नाही. गुडघे दुखणारी आई, सात वर्षांचं पोरगं आणि आठवडाभर लॅपटॉपसमोर बसलेला बाप एकत्र, कुणी कुणासाठी न थांबता चालू शकतात असे रस्ते किती असतात? मला तरी अशा रस्त्याची किंमत गडापेक्षा कमी वाटत नाही.

माझ्या आईचं माहेर नीरा डाव्या कालव्याकाठचं, त्यामुळे कालवा दिसल्यावर तिचा पहिला प्रश्न, हे पाणी कुठल्या शेताला जातं? कुठल्याच नाही म्हटल्यावर तिला खरं वाटेना. हा कालवा बोटींसाठी खणलेला, 1793 साली पार्लमेंटने कायदा केला, विल्यम जेसप इंजिनिअर, आणि 1805 पर्यंत मिडलंड्स (इंग्लंडचा मधला भाग) ते लंडन पाण्याचा रस्ता तयार. कोळसा, कागद, सगळा माल यावरून जायचा, बोट ओढायला घोडा, आणि आपण ज्या वाटेवर चालतो ती त्या घोड्याची वाट. म्हणून ती इतकी सपाट. लॉकपाशी मात्र आई चांगली अर्धा तास खिळून उभी होती. बोट आत येते, मागचे दरवाजे बंद होतात, लोखंडी हँडल फिरवून झडपा उघडतात, पाणी भरत जातं आणि अख्खी बोट हळूहळू वर येते, ना पंप ना मोटर, नुसता पाण्याचा उतार आणि माणसाचे हात. इथली लॉक्स चौदा फूट रुंद, म्हणजे दोन नॅरोबोटी (कालव्यावरच्या लांब, अरुंद बोटी) शेजारी शेजारी मावतात.

ग्रोव्ह मिल लेनवरून दोन मिनिटं उलट्या दिशेला जाऊन तो पांढरा नक्षीदार पूलही बघा. कालवा अर्ल ऑफ क्लॅरेंडन या सरदाराच्या जमिनीतून जाणार होता, तर साहेबांची अट, पूल शोभेचा हवा. पलीकडे कॅशिओबरीत अर्ल ऑफ एसेक्सचा वाडा होता, तो 1927 मधे पाडला, त्यातला कोरीव लाकडी जिना आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधे आहे. पार्कची जमीन मात्र कौन्सिलने 1909 पासून टप्प्याटप्प्याने विकत घेतली, तेव्हा गावातल्या बऱ्याच लोकांचा विरोध होता म्हणे पैसे वाया जातील म्हणून, आणि आज तिथे शनिवारी बसायला बाक मिळत नाही. मला हे फार मोठं काम वाटतं, सरदारांची खाजगी जमीन आज कुणीही तिकीट न काढता फिरतंय.

एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला आठवडा जमला तर सोडू नका, व्हिपेंडेलमधे झाडांखाली सगळीकडे ब्लूबेल्स, म्हणजे निळी रानफुलं. फक्त हात जोडून विनंती, फोटोसाठी मुलांना फुलांत बसवू नका. पानं तुडवली गेली की कंद पुढची काही वर्षं नीट फुलत नाही. पायवाटेवरूनही फोटो छानच येतात.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात घ्यावी असं फार वाटतं. 2012 पासून हे कालवे कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही चॅरिटी सांभाळते, आणि 2023 मधे सरकारने जाहीर केलंय की 2027 पासून त्यांचं अनुदान दरवर्षी पाच टक्क्यांनी कमी होत जाणार. लॉकचे दरवाजे, दोनशे वर्षांपूर्वीच्या भिंती, बांध, यांची डागडुजी फुकट होत नाही. आपण इतकी वर्षं इथे राहतो, गणपतीला वर्गणी हौसेने देतो, तर महिन्याला चार-पाच पाउंड इथेही द्यायला हरकत नाही. निवृत्त मंडळींनी तर लॉकवर व्हॉलंटियर म्हणून नाव द्यावं, बोटवाल्यांना मदत करायची असते, काम ते शिकवतात.

हिवाळ्यात जाणार असाल तर जंगलात चिखल असतो, बूट जाड घाला. पार्कात टॉयलेट आणि कॅफे आहे, त्यापुढे काही मिळेल असं धरू नका, थर्मास आणि पोळीभाजी बरोबर घ्या. कुणाला जायचं असेल तर कमेंटमधे लिहा, मी रस्ता नीट सांगेन.